खुर्ची उलटी करणारी बाई

सूर्यभान खरं तर प्रभुदास मिस्त्रीला न्यायला आला होता. पण पायरीवरून उठून टेम्पोपर्यंत चालतानाच प्रभुदासाला दम लागला. टेम्पोच्या फळीला धरून तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग मागं वळून म्हणाला, "हिला घेऊन जा. लाकडातलं माझ्याइतकंच कळतं हिला. वेतातलं जास्तच."

फिलोमिना दारात बसून वेताच्या पट्ट्या भिजत घालत होती. तुझी तयारी आहे का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनं पदराला हात पुसले, चपला घातल्या, शेजारणीला नवऱ्याच्या दुपारच्या भाकरीचं सांगितलं आणि ती पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसली. वय चौपन्न-पंचावन्न असेल. कंबर धरलेली होती, पण ती गेली वीस वर्षं धरलेलीच होती.

बाहत्तर साल होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता. रेशनला परदेशातली तांबडी मिलो ज्वारी मिळत होती आणि खेड्यातली माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती. सूर्यभानचं नगरात जुन्या सामानाचं दुकान होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं त्याला सांगून ठेवलं होतं की जुन्या लाकडी खुर्च्या मिळतील तेवढ्या गोळा कर, मात्र खरोखर जुन्या. असल्या वर्षात माळ्यावरचं, अडगळीतलं सामान लोक आपणहून खाली काढतात, हे सूर्यभानला ठाऊक होतं. कुठली खुर्ची किती जुनी, ते मात्र त्याला ओळखता येत नव्हतं.

नगरचा लष्करी तळ जुना. गोरे साहेब बदलून जायचे तेव्हा त्यांचं सामान लिलावात निघायचं. त्यातल्या खुर्च्या कुणा वकिलाकडे जायच्या, कुणा मामलेदाराकडे, कुणा पाटलाकडे. मग त्या पाहून इथल्या सुतारांनी तशाच खुर्च्या केल्या, आणि त्या पाहून दुसऱ्यांनी. शंभर वर्षांत सगळं एकमेकांत मिसळून गेलं. गावोगाव प्रत्येक घरातला माणूस छातीवर हात ठेवून सांगायचा की आमची खुर्ची साहेबाच्या बंगल्यातली.

फिलोमिनाचे आईवडील मोठ्या तापाच्या साथीत गेले, तेव्हा ती पाळण्यात होती. संगमनेरकडच्या कॅथलिक सिस्टरांनी तिला वाढवलं. सात-आठ वर्षांच्या मुलींना तिथं वेत विणायला लावत, कारण त्यांची बोटं बारीक. मोठी मुलगी वरून पट्टी भोकात घालायची आणि लहानीनं खुर्चीखाली उताणं पडून ती खालून ओढून घ्यायची. जगातल्या खुर्च्या फिलोमिनानं पहिल्यांदा पाहिल्या त्या अशा, खालून. वरचं पॉलिश, नक्षी, पाठीचा डौल हे तिला फार नंतर दिसलं.

पुढं तिचं लग्न प्रभुदासाशी झालं. तो मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकलेला, आणि प्रोटेस्टंट. सिस्टरांना ते आवडलं नाही. नवराबायको दर रविवारी बरोबर घरातून निघत आणि चौकात दोन वाटांना लागत, तो त्याच्या चर्चला, ती तिच्या. मुलगी मरिया शिकून मिरजेला नर्स झाली. प्रभुदासानं तीस वर्षं खुर्च्यांचे सांधे बसवले आणि फिलोमिनानं त्यांच्या जाळ्या विणल्या. मग लाकडाचा भुसा त्याच्या छातीत बसला. रंधा मारणं थांबलं, आणि घर तिच्या बोटांवर आलं.

पहिल्या दिवशी टेम्पो श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागल्यावर सूर्यभान म्हणाला, "बाई, एकच सांगतो. घरमालकासमोर काही बोलायचं नाही. बघायचं, पारखायचं आणि गप बसायचं. मला टेम्पोत सांगायचं."

"बरं," ती म्हणाली. बोलायची तिला हौस नव्हतीच.

ती खुर्चीपुढं जायची आणि आधी ती उलटी करायची. घरच्या लोकांना याचं नवल वाटायचं. वरून पॉलिश कुणीही मारतं, पण खाली कुणी हात लावत नाही. बैठकीच्या पोटाशी करवतीच्या खुणा दिसायच्या. सरळ, कमीजास्त खोल असल्या तर हाताची करवत. कमानीसारख्या वाकड्या, एकसारख्या असल्या तर गिरणीचं गोल पातं. मग ती स्क्रू पाहायची, खिळे पाहायची; जुने हातानं घडवलेले आणि बोथट, नवे यंत्रातले, टोकदार आणि एकसारखे. मग पायाला सुतळीनं माप घ्यायची, एकदा असं आणि एकदा आडवं. चरकावर गोल कातलेला पाय ऐंशी-शंभर वर्षांत एका बाजूनं आकसतो आणि अंड्यासारखा लांबट होतो. डोळ्याला कळत नाही, सुतळीला कळतं. सगळ्यात शेवटी वेताची भोकं. त्यांत बोट फिरवलं की किती वेळा जाळी बदलली याचा तिला अंदाज यायचा. सात-आठदा विणलेल्या खुर्चीची भोकं विहिरीच्या काठासारखी झिजलेली असतात.

श्रीगोंद्याच्या बाहेर एका मळ्यात गोल पाठीची एक बुटकी खुर्ची निघाली. पाय लांबट झालेले, स्क्रूंना टोकच नव्हतं, बुंधे तोडल्यासारखे बोथट. एवढी जुनी खुर्ची तिनं आयुष्यात दोनदा-तीनदाच हाताळली होती. ती काही बोलली नाही. सूर्यभान मालकाला म्हणाला, "पाय डुगडुगतोय. बघा, जळणात घालण्यापरीस मी नेतो." मालकानं स्वतः ती उचलून टेम्पोत ठेवली, खरचटू नये म्हणून खाली पोतं घातलं, आणि निघताना फिलोमिनाच्या ओच्यात मूठभर भाजलेले हरभरे टाकले. "लांबून आलाव," म्हणाला, "खावा वाटंनं."

टेम्पोत तिनं सूर्यभानला खरं वय सांगितलं. तो खूश झाला. हरभरे तिनं घरी नेऊन नवऱ्याला दिले.

असे आठ-पंधरा दिवस गेले. सकाळी टेम्पो, संध्याकाळी घर, आणि घरी राहिलेलं विणकाम. वेत भिजवायला पाणी लागतं, आणि नळाला पाणी एक दिवसाआड. ती भांडी विसळलेल्या पाण्यातच पट्ट्या भिजवायची आणि तेच पाणी मग दारातल्या शेवग्याला घालायची. रात्री बोटं आखडायची. प्रभुदास विचारायचा, "आज काय निघालं?" ती सांगायची. दोघांचं क्वचित पटायचं. तो लाकडावरून बोलायचा, ती भोकांवरून.

काष्टीला ते शनिवारी गेले. आठवडी बाजाराचा दिवस होता, पण बाजारात जनावरंच जास्त आणि घेणारे कमी. गावात शिरल्यावर गोरक्ष नावाच्या तिशीतल्या माणसानं टेम्पो थांबवला आणि वाट दाखवत घरी नेलं. त्याच्या आजोबांची, सहादेव पाटलांची खुर्ची होती.

फिलोमिनाला आत बोलावलं नाही. खुर्चीच बाहेर ओट्यावर आणली. तिच्यावर धुतलेली चादर होती. पाणी द्यायला एक बाई आली, चाळिशीची. तांब्या डाव्या हातात होता. उजवा हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला वाकडा होता आणि तो तिनं पदराखाली घेतला होता. तिनं वरून पाणी ओतलं, फिलोमिना ओंजळीनं प्याली. याचं तिला आता काही वाटत नसे. कधीतरी वाटायचं, मग थांबलं.

"ही माझी बहीण, भीमा," गोरक्ष म्हणाला. मग त्यानं खुर्चीची हकिकत सांगितली. ती त्याला पाठ होती. मोठ्या दुष्काळात एका साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला होता. सहादेव तेव्हा जवान होता. त्यानं साहेबाच्या तंबूची राखण केली, दरोडेखोरांना एकट्यानं पिटाळलं. साहेबानं स्वतःच्या बुडाखालची खुर्ची त्याच्या नावानं ठेवली. पुढं बऱ्याच वर्षांनी ती नगराहून पोचती झाली. आजा गेल्यावर तिच्यावर कुणीही बसलेलं नाही.

सूर्यभाननं मान डोलावली. त्याला हकिकत फार आवडली होती, हे फिलोमिनाला दिसलं. "बघा बाई," तो म्हणाला.

तिनं चादर काढली. खुर्ची देखणी होती. उंच पाठ, रुंद हात, भक्कम पाय. ती उलटी करायला लागली तसा गोरक्ष पुढं आला. "सांभाळून."

खाली करवतीच्या वाकड्या खुणा होत्या. स्क्रू टोकदार, सगळे एकसारखे. आतून तारेचे खिळे. पाय सुतळीला दोन्हीकडून सारखे भरले. भोकांचे काठ अजून धारदार होते, जाळी फार तर एकदा बदललेली. आणि मुळात ती तंबूतली खुर्चीच नव्हती. तंबूतल्या खुर्च्या घडीच्या असतात, नाहीतर स्क्रू काढून सुट्या करता येणाऱ्या, कारण मुक्काम हलला की त्या उंटावर, गाडीवर जायच्या. ही पक्क्या सांध्यांची, दिवाणखान्यात ठेवायची. नगरच्याच एखाद्या चांगल्या सुतारानं पहिल्या महायुद्धानंतर केलेली.

तिनं खुर्ची सरळ केली आणि सुतळी गुंडाळली.

"घ्यायला हरकत नाही," सूर्यभान गोरक्षाला म्हणाला. "साहेबाची वस्तू आहे, दिसतंच आहे. मुंबईवाल्याला ही सगळी हकिकत सांगू."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "थांब रं."

गोरक्षाची आई रंगुबाई उंबऱ्याच्या आत बसून सगळं ऐकत होती. साठी उलटलेली, कपाळावर गोंदण, डोळे बारीक केलेले. ती भिंतीला धरून उठली, बाहेर आली आणि ओट्यावर फिलोमिनाच्या समोर बसली. सूर्यभानकडं तिनं पाहिलंच नाही.

"बाई, तुमी उलटी करून बघितली न्हवं?"

"हो."

"मग तुमी सांगा. ही साहेबाची हाय का बाजारातली?"

सूर्यभान म्हणाला, "आजी, मी सांगतो ना."

"तुमाला न्हाई इचारलं."

फिलोमिनानं सूर्यभानकडं पाहिलं. तो मानेनंच नको म्हणत होता. तिला काही लढा द्यायचा नव्हता. ती दमली होती, पुढं अजून दोन गावं होती आणि घरी खुर्च्यांची एक जोडी विणायची राहिली होती. पण म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि आता दुसरं काही सुचण्याइतकी ताकदही फिलोमिनात नव्हती.

"साहेबाची वाटत नाही," ती म्हणाली. "तंबूतली तर नाहीच. नगरला केलेली आहे. पन्नासएक वर्षं झाली असतील. चांगली आहे, सागवान आहे. पण विकायला केलेली आहे."

"कशावरनं?" गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला.

तिनं खुर्ची पुन्हा कलती केली आणि त्याला करवतीच्या खुणा दाखवल्या. गिरणीवरच्या लाकडाला अशा येतात, आणि आजोबांच्या जवानीत असलं गिरणीचं पातं इकडं आलंच नव्हतं, एवढंच सांगितलं. गोरक्षानं पाहिलं, त्याला कळलं का नाही ते कळेना. रंगुबाईनं मात्र बोट लावून पाहिलं.

"पन्नास," ती म्हणाली. "मी ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्या साली आली ही. मी बारा वर्सांची हुते. गाडीत घोंगडीत गुंडाळून आणली. गाडीवाला दारात उभा राहिला. मामांजींनी त्येला आत न्हेलं, दार लावलं, मग बाहेर काढला. मी ओसरीत दळत हुते. मला तवाच वाटलं, साहेबानं धाडलेल्या वस्तूचं गाडीवाल्याला आत न्हेऊन काय द्यायचं असतंय? पर बारा वर्सांच्या पोरीनं इचारायचं कुनाला."

गोरक्षानं कलती खुर्ची सरळ ठेवली.

"हिच्याकडं पाठ करायची न्हाई. हिच्यापुढनं पदर घेतल्याबिगर जायचं न्हाई. आमचे धनी हिच्यापुढं जलमभर उभं राहिले," रंगुबाई म्हणाली. मग तिनं दाराकडं मान वळवली. "ही भीमा पाच वर्सांची आसंल. खेळता खेळता चढून बसली. मामांजींनी दंडाला धरून फेकली. ओट्याच्या खाली पडली ती हातावर. वैदूनं बांधला, पर वाकडाच बसला. सासरच्यांनी दोन वर्सं नांदवली आन् आनून सोडली. भाकरी थापता येत न्हाई म्हनले."

"आई, कशाला आता," गोरक्ष म्हणाला.

"मी मनाला म्हनायची, साहेबाची वस्तू हाय. मोठ्या मानाची. म्हाताऱ्याचा जीव हुता तिच्यात. रागाच्या भरात झालं." तिनं खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. "बाजारातली हुती."

भीमा रिकामा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"बस गं हिच्यावर," रंगुबाई तिला म्हणाली.

भीमा हलली नाही.

"बस म्हनते ना. कोन काय म्हनत न्हाई."

"मला कामावर जायचंय," भीमा म्हणाली. "हजेरी घेत्यात." ती आत गेली, तांब्या ठेवल्याचा आवाज झाला, आणि मागच्या दारानं ती निघून गेली. एका हातानं खडीच्या पाट्या कशा उचलत असेल, असं फिलोमिनाच्या मनात आलं.

सूर्यभाननं खुर्ची घेतली नाही. गोरक्षानंही पुन्हा विचारलं नाही. रंगुबाईनं चादर घडी करून मांडीवर ठेवली होती. फिलोमिना उठली तेव्हा म्हातारी म्हणाली, "बाई, तुमचा राग न्हाई." पण ती वर पाहत नव्हती.

टेम्पो गावाबाहेर पडल्यावर सूर्यभान म्हणाला, "तुम्हाला गप बसायला काय झालं होतं?"

"तिनं मला विचारलं."

"विचारू दे की. खुर्ची गोष्टीसकट गेली असती. मुंबईत कुणाच्या तरी दिवाणखान्यात मान मिळाला असता तिला. त्या घराला पण बरं वाटलं असतं. आता काय राहिलं त्यांच्याकडं?"

तिलाही तेच वाटत होतं. ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि त्यांच्यामागं डोक्याला फडकी बांधलेल्या बायका. त्यांत भीमा असेल की नाही, ओळखू येत नव्हतं.

पुढच्या दोन गावांत ती खाली उतरली, खुर्च्या उलट्या केल्या, काही बोलली नाही.

घरी प्रभुदास पायरीवर भिंतीला टेकून बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं आधी विचारलं, "स्क्रू कसले होते?"

"टोकाचे. एकसारखे."

"मग तीस-पस्तीस वर्षांचीपण असेल."

"म्हातारीनं स्वतः येताना पाहिली. पन्नास."

"मग पन्नास," तो म्हणाला. बराच वेळ त्याचा श्वास ऐकू येत राहिला. "खरं तेच सांगितलंस."

"हो. पण पन्नास वर्षं तिनं त्या एका गोष्टीवर काढली होती. मी दोन मिनिटांत काढून घेतली."

"तूच म्हणतेस ना, तिला बारा वर्षांची होती तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं. पण कुणी सांगितलं नव्हतं." ती आत गेली आणि पट्ट्या पाण्यात टाकल्या.

सूर्यभान परत आला नाही. त्याला दुसरा कुणी मिळाला असावा, किंवा आता त्याला पारखायची गरज उरली नसावी. फिलोमिनाला त्याचं वाईट वाटलं नाही. फक्त एवढंच झालं, की इतक्या दिवसांत तिला पुढच्या सीटवर बसून बाहेर बघायची सवय लागली होती, ती सुटायला वेळ लागला.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. भरपूर झाला. त्याच पावसात, ओल्या हवेनं, प्रभुदास गेला. मरिया मिरजेहून आली, आठ दिवस राहिली, आई चल म्हणाली. फिलोमिना म्हणाली, हातातलं काम संपवून येते. काम तसं संपतच आलं होतं. लोक प्लास्टिकची वायर आणून देऊ लागले होते, हिरवी नाहीतर निळी, आणि म्हणत होते याचंच विणा, ही कुजत नाही. ती विणून द्यायची. वायर भिजवावी लागत नाही, पण बोटाला कापते.

त्या हिवाळ्यात एक दिवस भीमा दारात उभी राहिली. आईला डोळे दाखवायला सरकारी दवाखान्यात आणलं होतं, तिला तिथंच बसवून वेत विणणाऱ्या बाईचा पत्ता विचारत विचारत ती आली होती. फिलोमिनानं तिला पाट दिला, चहा केला.

"खुर्ची आहे का?" फिलोमिनानं विचारलं.

"हाय की. गोरक्ष बसतो तिच्यावर. सोसायटीची मानसं येत्यात, तवा बाहेर काढतो."

"आई?"

"आई बसत न्हाई. आदी रोज पुसायची, आता पुसत न्हाई. एवढंच." भीमानं कप खाली ठेवला. "आज्याचं नाव काढत न्हाई ती. वर्सश्राद्ध बी औंदा गोरक्षानं एकट्यानंच केलं."

"मी सांगायला नको होतं का?"

भीमानं थोडा विचार केला. "मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "आई रातीची माझ्या हाताला तेल लावती आता. काय उपेग न्हाई त्याचा, इतक्या वर्सांनी. पर लावती. मी लावून घेती."

दवाखान्यात आई एकटी होती, म्हणून भीमा उठली. फिलोमिना तिला पोचवायला निघाली, पण कंबर इतकी दुखत होती की गल्लीच्या तोंडापर्यंतच जाता आलं. तिथून तिनं रस्ता दाखवला, उजवीकडं, मग सरळ. भीमा भराभर चालत गेली. फिलोमिना जवळच्या दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ टेकली, मग घरी आली, आणि दुपारचं ऊन ओसरायच्या आत निळ्या वायरीच्या दोन ओळी विणून ठेवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ती मिरजेला गेली.